झऱ्याच्या आईचं माप

ओर्बान्येदाच्या चर्चच्या दारावर एक पत्र्याची पाटी आहे: ‘किल्ली ओबदुलियाकडे. हिरवं दार. जेवणाच्या वेळी हाका मारू नयेत.’ खाली टेलिफोन नंबरही होता, पण तो तिने स्वतःच सुरीने खरवडून काढला. फोन करणारे लोक थेट चर्चचं विचारतात, आधी कशी आहेस म्हणून विचारत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मी शहरातून पाहुण्यांची बस घेऊन येणारी गाइड. एप्रिल ते ऑक्टोबर, दर शनिवारी पन्नास माणसं, तीन चर्च, एक पडका किल्ला, भाजलेलं कोकरू आणि संध्याकाळी सातला परत. आठशे-नऊशे वर्षांचा दगड लोकांना वीस मिनिटांत दाखवायचा आणि त्यातली दहा मिनिटं संडास कुठे आहे ते सांगण्यात घालवायची, असा हा धंदा. पंधरा वर्षं केला म्हणून सांगते, या सगळ्या वाटेवर ऐकण्यासारखं काही असेल तर ते एकटी ओबदुलिया मावशी बोलायची तेच.

ती सपाता घालून यायची. वयाची शहात्तरी, कमरेला एप्रन, एप्रनच्या खिशात कोपरापासून मनगटापर्यंत लांब अशी लोखंडी किल्ली. चर्चला दक्षिणेकडून कमानींची ओसरी आहे, स्पेनमध्ये आमच्या कास्तीलच्या या भागात असते तशी. खांबांच्या माथ्यावर दगडात कोरलेली माणसं, पक्षी, राक्षस. मावशी काठीने एकेक दाखवायची. "हा बायबलातला हेरोद राजा. तोंड बघा, अगदी माझ्या दिरासारखं. हे दोन पक्षी भांडताहेत, का ते त्यांनाच ठाऊक. आणि ही बाई." एकदा एक प्राध्यापक मध्येच म्हणाला, ही वासनेची मूर्ती आहे. मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला तशी दिसली असेल. आम्ही तिला खालच्या गिरणीची साबिना म्हणतो. टोपी काढा."

नवरा लवकर गेला, मुलगा बिलबावला कारखान्यात. घरात सात कोंबड्या आणि चर्चची किल्ली. ही किल्ली सासूने मरताना हातात दिली त्याला अडतीस वर्षं झाली होती. गावात हिवाळ्यात चाळीस माणसं उरतात. त्या चाळिसांत मावशीचा शब्द सरपंचाच्या शब्दाच्या वर होता, आणि तो का, तर किल्लीसोबत तिच्याकडे मापही होतं म्हणून.

माप म्हणजे निळी रेशमी फीत. चर्चमध्ये झऱ्याची आई होती, मांडीवर बाळ घेतलेली लाकडाची मारिया. फीत बरोबर तिच्या उंचीची. गावात कुणी बाई अडली की किल्लीवालीच्या घरी निरोप जायचा आणि फीत, टोकांना नाड्या जोडून, त्या बाईच्या पोटावर बांधली जायची. आई आपल्या उंचीएवढी तिच्याजवळ येऊन उभी राहते, असं बायका मानतात. मी पलीकडच्या खोऱ्यातली, पण तिकडेही माप न्यायचे; मीही मावशीच्या सासूच्या काळात त्यावरच जन्मले. हसायचं असेल त्याने हसावं.

आता जे सांगायचं ते सरळ सांगते. ती फीत खोटी होती. हे सगळ्या जगात दोघींना माहीत होतं, मावशीला आणि मला.

मला कळलं ते असं. दोन वर्षांपूर्वी माझ्या बसमध्ये एक गरोदर पोरगी होती. तिला फीत पोटावर बांधून फोटो काढायचा होता. मावशी तिच्यावर अशी खेकसली की पोरगी रडायला लागली. मी मावशीला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, लोक चांगुलपणाने विचारतात, तुम्ही वाघीण होऊन काय अंगावर जाता?" ती ओसरीच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "आम्पारो, ती फीत कुणाला बांधायच्या लायकीची नाही गं."

एकतीस वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दोन दिवस बर्फ पडत होतं, घाटाचा रस्ता बंद. दुपारी मावशी जुनं माप धुऊन इस्त्री करत होती. लोखंडी इस्त्री चुलीवर लाल केलेली. दारावर धडाधडा थापा पडल्या. कासिल्दाची आई उभी. कासिल्दाला कळा सुरू झाल्यात, मूल आडवं आहे, माप दे. मावशी दाराशी दोन शब्द बोलून वळली, तोवर इस्त्री रेशमावर. फीत मधोमध जळून, आकसून गोळा झालेली. म्हातारी दारात. मूर्ती जाळीच्या आत, जाळीला दोन कुलपं, एकाची किल्ली इथे आणि दुसरी पाद्रीबाबांकडे घाटापलीकडे, म्हणजे नवं माप घेणंही अशक्य. मावशीने पेटीतून मुलाच्या बाप्तिस्म्याची निळी फीत काढली, अंदाजाने कापली आणि नेऊन दिली.

सुईण ट्रॅक्टरवर बसून पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मूल गेलेलं होतं. कासिल्दा वाचली, पण पुन्हा तिला दिवस गेले नाहीत.

"मग नंतर तरी नीट माप का नाही घेतलं?" मी विचारलं.

"कुठल्या तोंडाने घेणार? माप घ्यायचं तर गावच्या सगळ्या बायका जमतात. का घ्यायचं ते सांगावं लागतं."

पुढे त्याच खोट्या फितीवर अकरा मुलं सुखरूप जन्मली. त्यातलं एकेक मूल ओसरीत धावताना दिसलं की मावशी स्वतःची समजूत घालायची. पण दर रविवारी तिला कासिल्दाही दिसायची. ते पोर गेल्यापासून कासिल्दा चर्चच्या आत गेली नव्हती. प्रार्थनेसाठी दार उघडायच्या आधीच ओसरीत येऊन दाराकडे पाठ करून उभी राहायची आणि प्रार्थना संपली की निघून जायची. एकतीस वर्षं. आमच्याकडे कुणी असं काही करायला लागलं की त्याला विचारत नाहीत. तो चांगुलपणा आहे की कोडगेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मीही मग मूग गिळून बसले. दोन वर्षं मीही कासिल्दाच्या त्या जागेवरून पन्नास-पन्नास माणसं आत नेली.

अकरा वर्षांपूर्वी झऱ्याच्या आईला वाळवीने पोखरलं म्हणून दुरुस्तीसाठी शहरात नेलं. दुरुस्ती झाली, पण पाठवायचं कुठे, गावात ना दमटपणाचं यंत्र ना चोरघंटा, म्हणून ती संग्रहालयातच राहिली. गावकरी वर्षातून एकदा बसने जाऊन, तिकीट काढून आपल्याच आईला काचेतून बघून यायचे. अर्ज करकरून शेवटी यंदा ठरलं की आठ सप्टेंबरला, जत्रेच्या दिवशी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ती गावात येईल. सगळं सुरळीत झालं तर दरवर्षी येईल. काही गडबड झाली तर पुन्हा कधीच नाही. पोचपावतीवर सह्या दोघांच्या, सरपंचाची आणि किल्लीवालीची.

जत्रेच्या चार दिवस आधी मावशीने मला फोन केला. तिने स्वतःहून फोन केल्याची ती पहिलीच वेळ.

"पोरी, ते माप घेणार आहेत."

शेजारच्या खोऱ्यात एका गावाला म्हणे मूर्तीऐवजी तिची नक्कलच परत मिळाली होती. खरं-खोटं देव जाणे, पण सरपंच अबुन्दिओने बारमध्ये टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, की आपल्याला कुणी उल्लू बनवू शकत नाही, आपल्याकडे माप आहे. आधी माप, मग सही.

"मावशी, संग्रहालयाच्या पुस्तकात उंची दिलीय. सत्तावन्न सेंटिमीटर. तुमची फीत किती?"

"बासष्ट."

"मग कापा ना आज! कोण बघतंय?"

"हातात तरी हवी ना. अबुन्दिओने काल फितीचा डबा नेला. पंचायतीच्या कपाटात कुलूप लावून ठेवलाय, कुणी बोट ठेवायला नको म्हणून."

"तुम्ही दिलाच कसा?"

"नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं."

"तर मग आधीच सांगून टाका. माणसं समजून घेतील."

"किल्ली काढून घेतील," ती म्हणाली. "आणि कासिल्दाला काय सांगू? तू सांग, काय सांगू?" तिने फोन ठेवला.

आठ तारखेला माझी बस अकराला पोचली. चौकात कोकरू भाजल्याचा वास, बँडवाले वाइनचा पहिला पेला संपवून दुसऱ्यावर. ओसरीत फक्त बायका. माप घेताना पुरुषांनी कमानींच्या बाहेर थांबायचं अशी रीत आहे, सरपंचालाही सूट नाही. मी बाई आणि याच मापावर जन्मलेली, म्हणून मला आत घेतलं. कासिल्दा तिच्या नेहमीच्या जागी, खांबाला टेकून. फरक एवढाच की आज आई ओसरीत होती, म्हणून तिने दाराऐवजी मूर्तीकडे पाठ केली होती.

संग्रहालयाची मारिओला नावाची मुलगी पांढरे हातमोजे घालून पेटी उघडत होती. पंचविशीची असेल. तिने आईला बाहेर काढून टेबलावर ठेवलं तेव्हा बायका पुढे सरकल्या. अकरा वर्षांनी काचेशिवाय दिसत होती. चेहरा उजळ केलेला, गालावर जुना गुलाबी रंग वर आलेला. "किती तरुण दिसते!" कुणीतरी म्हणालं, आणि दुसरी लगेच, "तेच तर म्हणते मी. जास्तच तरुण दिसते."

अबुन्दिओने कमानीतून डबा आत दिला. बिही या फळाच्या गोड वड्यांचा जुना पत्र्याचा डबा. मावशीने फीत काढली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, हात दिसत होते. तिने एक टोक आईच्या डोक्यावर धरलं आणि फीत खाली सोडली. पायांशी पोचली. आणि पायांच्या खाली टेबलावर तीन बोटं लोळली.

"पुन्हा," बाहेरून अबुन्दिओ म्हणाला.

पुन्हा तेच.

मग जो गलका झाला तसा मी आयुष्यात ऐकलेला नाही. "नक्कल आहे!" "आमची आई विकून खाल्ली!" एकीने मारिओलाच्या हातातली पावती हिसकावली. ती बिचारी सांगत होती, "ही तीच आहे हो, मी स्वतः दोन वर्षं हिच्यावर काम केलंय, आम्ही लाकडाचा कणसुद्धा कमी केलेला नाही." कोण ऐकतंय! अबुन्दिओ ओरडला, "खरी मिळेपर्यंत गाडी हलणार नाही," आणि पाचच मिनिटांत गावाच्या तोंडाशी दोन ट्रॅक्टर आडवे लागले. मारिओलाने फोन लावला. तिच्या साहेबांनी काय सांगितलं ते तिने तिथेच मोठ्याने म्हटलं: पोलीस निघालेत, आणि मूर्तीला धक्का लागला तर हे शेवटचं.

माझ्या बसमधले एक निवृत्त गृहस्थ कमानीतून डोकावून म्हणाले, "आम्पारो, हे जत्रेतलं नाटक आहे का? फारच छान करतात." त्यांना मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी मावशीजवळ सरकले. "म्हणा की रेशीम ताणलं गेलं. इतक्या बायकांच्या पोटावर बांधलंय, ताणणारच."

तिने माझ्याकडे पाहिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी तिने ती काडी धरली. "अगं ऐका," ती म्हणाली, "रेशीम ताणतं. जुनी फीत आहे. ताणली असेल."

बायका क्षणभर थांबल्या. मावशीचा शब्द होता तो. कुणीतरी मान डोलावली. मारिओलाचा चेहरा खुलला. मला वाटलं, सुटलो.

"रेशीम ताणत नाही."

कासिल्दा बोलली होती. मूर्तीकडे पाठ तशीच, मान तेवढी आमच्याकडे वळवलेली. गावातली शिंपीण ती, चाळीस वर्षं सुई धरलेली. "धुतलं की आटतं. इतकं वाढलेलं रेशीम मी जन्मात पाहिलं नाही. ओबदुलिया, तू त्या संग्रहालयवाल्यांची बाजू का घेतेस? काय मिळालं तुला?"

"कासिल्दा, तसं नाही..."

"मग कसं? माप खोटं की मूर्ती खोटी? दोन्ही खरी असू शकत नाहीत." तिने ओसरीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. "माझं मूल त्या मापावर गेलं. तरी मी म्हणते, माप खोटं नाही. माझ्या आईने ते या बाईच्या हातून आणलं होतं."

घाटाकडून गाडीचा आवाज येत होता. पोलीस असतील नाही तर पाववाला. मावशीने फितीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मला ओरडायचं होतं, गप्प राहा, आता गप्पच राहा, पोलीस येतील, मूर्ती जाईल, पण तू तरी वाचशील. आणि मला हेही ओरडायचं होतं की बोल. दोन्ही एकदम.

"माप खोटं आहे," मावशी म्हणाली.

ती फार हळू म्हणाली, म्हणून बाहेर अबुन्दिओने विचारलं, "काय म्हणाली?" तेव्हा तिने मोठ्याने सांगितलं. इस्त्री, थापा, बाप्तिस्म्याची फीत, अंदाजाने कापणं. काही वगळलं नाही, स्वतःच्या बाजूने काही घातलं नाही. "मूर्ती खरी आहे. त्या मुलीला सोडा. ट्रॅक्टर काढा." एप्रनच्या खिशातली किल्ली काढून तिने टेबलावर आईच्या पायाशी ठेवली.

त्या ओसरीत सहा-सात जणी अशा होत्या ज्यांनी त्या फितीवर मुलं जन्माला घातली होती. त्यातल्या एकीने आपल्या मुलीचा हात धरला, मुलगी चांगली वीस वर्षांची असूनही.

"माझ्या वेळी कुठलं होतं?" कासिल्दाने विचारलं.

"नवीन. तूच पहिली."

कासिल्दा पुढे आली. मला वाटलं, मारणार. सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण दोघी जणी तिच्या आडव्या झाल्या. तिने त्यांना हाताने बाजूला केलं आणि मावशीच्या समोर उभी राहिली.

"म्हणजे झऱ्याची आई माझ्याकडे आलीच नव्हती."

"नाही."

"मला वाटायचं, आली होती. आली, मला पाहिलं आणि परत गेली. माझ्यात काय होतं म्हणून परत गेली, हे शोधतेय मी एकतीस वर्षं. नवऱ्याला विचारलं. पाद्रीबाबांना विचारलं. रोज रात्री स्वतःला विचारलं."

मावशी रडत होती. कासिल्दा रडत नव्हती.

"फीत जळली तर जळली, गं. कुणाचीही जळेल. पण दर रविवारी तू हे दार उघडायला यायचीस. मी इथे असायचे. तू म्हणायचीस, आज गारठा आहे, कासिल्दा. एवढं बोलायचीस. आणखी एक वाक्य बोलली असतीस तर काय झालं असतं?"

मी खांबाकडे बघत राहिले. त्या वाक्यातलं निम्मं माझ्याही वाट्याचं होतं.

कासिल्दाने मावशीवरची नजर काढली. मग वळली. टेबलापाशी गेली. एकतीस वर्षांनी तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी जवळून, शिंपिणी गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. मारिओला मूर्तीला हात लावू नका म्हणायला पुढे झाली आणि मध्येच थांबली. तिने हातमोजे काढून खिशात घातले.

"तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगते," कासिल्दा आईला म्हणाली, शेजारणीशी बोलावं इतक्या साध्या आवाजात. "मुलगी होती. तीन किलोला थोडी कमी. केस काळे, पुष्कळ. इनेस नाव ठेवणार होतो."